टिश्यूची स्लाइड: बाटलीत पडल्यापासून कव्हरस्लिप लागेपर्यंत

सोलापुरातल्या कॉलेजांतून डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) किंवा प्राणिशास्त्रात एमएस्सी करून लॅबमध्ये आलेल्या नव्या मुलामुलींना मायक्रोस्कोप चांगला येतो. स्लाइड धूसर निघाली की ते आधी स्टेनवर, म्हणजे रंगावर संशय घेतात, मग मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर. खरा दोष बहुतेक वेळा फार आधीचा असतो. टिश्यू, म्हणजे अवयवाचा तुकडा, शरीरातून निघाला आणि फॉर्मॅलिनमध्ये (तो टिकवणाऱ्या द्रवात) पडला, त्या मधल्या वेळात तो बिघडलेला असतो. पुढे मशीन कितीही भारी वापरलं तरी तो सुधारत नाही. म्हणून या लेखात सुरुवातीच्या टप्प्यांवर जास्त लिहिलं आहे आणि पुढचे काही टप्पे भरभर उरकले आहेत.

आधी कागदपत्रं. माणसाचा टिश्यू संशोधनासाठी वापरायचा असेल तर संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती लागते. उंदीर, ससा असे प्राणी असतील तर प्राणी नीतिसमितीची मंजुरी लागते. ही मंजुरी कामाआधी घ्यायची असते. प्रयोग उरकून मग सही मागायला गेलात तर हातातला डेटा कुठेही छापता येणार नाही.

पहिला अर्धा तास

रक्तपुरवठा थांबला की पेशींमधली एन्झाइम्स पेशींनाच पचवायला लागतात. याला ऑटोलिसिस म्हणतात. ते उष्णतेत वेगाने होतं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. ऑपरेशन थिएटरमध्ये एसी असतो, बाहेरच्या पॅसेजमध्ये नसतो. बाटली नेणारा मावशी-मामांपैकी कुणी चहाला थांबला, की स्वादुपिंड आणि आतड्याचं आतलं अस्तर गेलंच समजा. या दोन अवयवांमध्ये पचनाची एन्झाइम्स असल्यामुळे ते सगळ्यांत आधी खराब होतात. त्वचा, स्नायू त्यामानाने दम धरतात.

टिश्यू काढल्यापासून शक्य तितक्या लवकर, कोणत्याही परिस्थितीत तासाभराच्या आत, तो फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे टिश्यू टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनसारख्या द्रवात, गेला पाहिजे. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडी वापरून पेशींतली ठरावीक प्रथिनं दाखवणारी तपासणी) करायची असेल तर ही वेळ कागदावर लिहूनच ठेवा: टिश्यू किती वाजता निघाला, फॉर्मॅलिनमध्ये किती वाजता पडला. स्तनाच्या गाठीवर हार्मोन रिसेप्टरच्या तपासण्या करायच्या तर टिश्यू फॉर्मॅलिनमध्ये किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास असावा, असा अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांचा (ASCO/CAP) नियम आहे. वेळच लिहिलेली नसेल तर तो पाळला की नाही हे कुणाला कळणार?

टिश्यू हाताळताना चिमटा बोथट घ्या आणि कडेला धरा. दातांच्या चिमट्याने दाबलेल्या जागी पेशी चिरडून निळे ओघळ दिसतात आणि लिम्फोसाइटसारख्या नाजूक पेशींचं निदानच होत नाही. गॉजवर ठेवून टिश्यू वाळू देऊ नका. साध्या पाण्यात तर बिलकूल टाकू नका, पेशी फुगून फुटतात.

फॉर्मॅलिन: घरचं करायचं तर नीट करा

१८९३ मध्ये फर्डिनांड ब्लूम हे जर्मन डॉक्टर फॉर्माल्डिहाइडचा जंतुनाशक म्हणून अभ्यास करत होते. काम करता करता त्यांच्या बोटांची कातडी कडक झाली, आणि त्यातून टिश्यू टिकवण्याची कल्पना पुढे आली. तुमच्या बोटांवर हा प्रयोग पुन्हा करू नका. नायट्राइल ग्लोव्हज घाला, एक्झॉस्ट चालू ठेवा. फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग करतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मान्य केलेलं आहे. 'सवय झाली, आता डोळे चुरचुरत नाहीत' असं सांगणारे सीनियर भेटतील. त्यांचं ऐकू नका.

दुकानात मिळणारं फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड. त्याचा एक भाग आणि पाणी नऊ भाग घेतलं की 'दहा टक्के फॉर्मॅलिन' होतं, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ४ टक्के फॉर्माल्डिहाइड. नवखा माणूस इथेच गोंधळतो आणि ४० टक्क्यांवरून दहा टक्के काढायला एकास तीन पाणी घालतो. मग टिश्यूची बाहेरची कड फार लवकर कडक होते आणि आतला भाग कच्चा राहतो.

नुसतं पाणी घालूनही भागत नाही. फॉर्मॅलिन ठेवून ठेवून फॉर्मिक आम्ल बनतं आणि आम्लात रक्ताच्या गुठळ्यांवर तपकिरी-काळे कण बसतात. नवा विद्यार्थी त्यांना मलेरियाचं पिगमेंट समजून बसतो. म्हणून बफर लागतो. एका लिटरसाठी:

फॉर्मॅलिन १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट अॅनहायड्रस ६.५ ग्रॅम.

क्षार आधी थोड्या पाण्यात विरघळवा, मग फॉर्मॅलिन घाला, मग लिटर पुरं करा. पीएच ७ च्या आसपास आला पाहिजे, पट्टीने तपासा. डिस्टिल्ड वॉटरच्या जागी बोअरचं पाणी वापरू नका. आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं, ते फॉस्फेटशी मिळून तळाला पांढरा गाळ बसवतं आणि तुमचा बफर त्या गाळात जातो. थंडीत मूळ बाटलीत दिसणारा पांढरा साका वेगळा, तो पॅराफॉर्माल्डिहाइड. असं फॉर्मॅलिन संशोधनाच्या कामाला घेऊ नये.

बाटली

बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, पलीकडून इंडी-विजयपूर इथल्या नर्सिंग होममधून सोलापूरच्या लॅबमध्ये टिश्यू येतात. त्यात हमखास एखादी अरुंद तोंडाची औषधाची बाटली असते. मऊ गाठ आत ढकलली जाते, फॉर्मॅलिनमध्ये ती कडक होते आणि मग बाहेर निघत नाही. शेवटी बाटली फोडावी लागते. रुंद तोंडाची, घट्ट फिरकीच्या झाकणाची प्लास्टिकची बरणीच घ्या.

फॉर्मॅलिन टिश्यूच्या आकारमानाच्या किमान दहापट हवं, वीसपट असेल तर उत्तम. टिश्यू तळाला चिकटला तर त्या बाजूला फॉर्मॅलिन पोहोचत नाही, म्हणून तळाशी गॉजचा तुकडा घाला. पत्ता आणि नंबर बरणीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. झाकणं बदलतात.

फॉर्मॅलिन टिश्यूत ताशी साधारण १ मिमी शिरतं, आणि जसं आत जाईल तसं हळू. म्हणजे मोठी गाठ अख्खी बुडवली तर आतला भाग दुसऱ्या दिवशीही लाल आणि मऊच सापडतो. गाठ आल्या आल्या समांतर काप देऊन उघडा, कापांमध्ये फॉर्मॅलिनमध्ये भिजवलेला कागद सरकवा. आतडं लांबीने उघडून बुचावर टाचण्यांनी ताणून लावा आणि उलटं तरंगत ठेवा, नाहीतर ते आत वळतं आणि थर सपाट कापता येत नाहीत.

वृषणासाठी बरेच जण बुआंचं द्रव वापरतात: पिक्रिक आम्लाचं संपृक्त द्रावण ७५ मिली, फॉर्मॅलिन २५ मिली, ग्लेशियल अॅसिटिक आम्ल ५ मिली. केंद्रकं त्यात देखणी दिसतात. मात्र पिक्रिक आम्ल कोरडं पडलं की स्फोटक होतं, त्यामुळे बाटली कायम ओली ठेवा आणि झाकणाच्या आट्यांवर पिवळे खडे जमू देऊ नका.

वनस्पतींवर काम करणाऱ्यांचा हिशेब वेगळा. केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राकडे पाहून अनेक विद्यार्थी तेल्या रोगाची पानं विषय म्हणून घेतात. पानासाठी एफएए चालतं: ७० टक्के अल्कोहोल ९० मिली, ग्लेशियल अॅसिटिक आम्ल ५ मिली, फॉर्मॅलिन ५ मिली. पानाचा तुकडा ५ मिमीच्या आतला, ताजा, बागेतच बाटलीत टाकलेला. डाग पडलेला आणि निरोगी भाग यांची सीमा एकाच तुकड्यात आली तर तुलना सोपी जाते. पानाला मेणकट आवरण असतं, बुडबुडे चिकटून बसतात. हलक्या व्हॅक्यूमखाली ठेवा, तुकडे बुडाले की द्रव आत गेलं असं समजा. पुढची प्रक्रिया बरीचशी सारखीच असते, फक्त रंग सॅफ्रनिन आणि फास्ट ग्रीन.

ग्रॉसिंग आणि कॅसेट

पुरेसं फिक्सेशन झाल्यावर, छोट्या बायोप्सीला सहा-आठ तास आणि मोठ्या टिश्यूला चोवीस तास धरून, कॅसेटमध्ये (जाळीच्या छोट्या प्लास्टिक डबीत) बसणारे तुकडे करा, यालाच ग्रॉसिंग म्हणतात. जाडी ३ ते ४ मिमी, याहून जास्त नको. कॅसेट गच्च भरू नका, द्रवाला फिरायला जागा ठेवा. ब्लेड लांब आणि नवं घ्या आणि एकाच ओढीत कापा, करवतीसारखं मागेपुढे घासलं की कड फाटते. केसाएवढ्या बायोप्सी फिल्टर पेपरात गुंडाळून ठेवा.

कॅसेटवर पेन्सिलीनेच लिहा. बॉलपेन आणि साध्या मार्करची शाई अल्कोहोल-झायलीनमध्ये पुसली जाते. मग वीस कोऱ्या कॅसेट हातात येतात आणि कुठला रुग्ण कुठला हे कुणालाच सांगता येत नाही.

हाड असेल तर फिक्सेशननंतर कॅल्शियम काढा. फॉर्मिक आम्ल ५ ते १० टक्के पुरतं. घाईसाठी नायट्रिक आम्ल वापरतात, पण केंद्रकाचा रंग जातो. संशोधनात ईडीटीए (कॅल्शियम हळूहळू बांधून काढणारं रसायन) बरं, वेळ मात्र आठवड्यांच्या हिशेबाने काढा.

प्रोसेसिंग

पाणी काढायचं, मग अल्कोहोल काढायचं, मग मेण भरायचं. अल्कोहोल ७०, ८०, ९५, मग शंभर टक्क्यांचे दोन-तीन बदल, प्रत्येकी तास-दीड तास. अल्कोहोल काढायला झायलीनचे दोन बदल. वितळलेल्या मेणाचे दोन-तीन बदल, मेणाच्या वितळबिंदूपेक्षा दोन-तीन अंशच वर. इथॅनॉलला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागत असल्यामुळे आपल्याकडे बऱ्याच लॅबमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, तेही चालतं.

शंभर टक्क्यांच्या बरणीत तळाला पांढरं, निर्जल कॉपर सल्फेट टाकून वर फिल्टर पेपर ठेवा. ते निळं झालं की त्या अल्कोहोलमध्ये पाणी शिरलं, बदला. कॅसेट झायलीनमध्ये टाकताच ते दुधाळ झालं, तर पाणी अजून टिश्यूत आहे. परत शंभर टक्क्यांत न्या, घाई करून मेणात ढकलू नका. पाणी उरलेला टिश्यू ब्लॉकमध्ये (मेणाच्या ठोकळ्यात) मऊ, चिखलट लागतो आणि सेक्शनमध्ये (त्याच्या पातळ कापात) भोक पडतं. उलट गरम मेणात फार वेळ राहिलेला टिश्यू कडक भाकरीसारखा कडकड मोडतो. दोन्हींपैकी कडक झालेला त्यातल्या त्यात बरा, भिजवून थोडाफार कापता येतो.

लाईट गेली तर काय, हे आधीच ठरवून ठेवा. जुन्या फिरत्या प्रोसेसरची टोपली एका बरणीतून दुसरीत जाताना वीज गेली तर ती हवेतच लटकते आणि टिश्यू वाळतात. रात्री मशीन लावताना इन्व्हर्टर चालू आहे का ते बघा आणि वॉचमनला सांगून ठेवा. टोपली हाताने खाली, द्रवात सोडणं एवढंच त्याला यायला हवं.

ब्लॉक

साच्यात मेण ओता, टिश्यू ठेवा, दिशा बघा. सगळी कला दिशेत आहे. त्वचेचा तुकडा आडवा न ठेवता काठावर उभा करा, म्हणजे वरच्या थरापासून चरबीपर्यंत सगळं एका काटछेदात दिसेल. नळीसारखे अवयव उभे, म्हणजे गोल काप येतील. टिश्यू साच्याच्या तळाला टेकवताना मेण किंचित गोठू द्या, मग बाकीचं भरा.

मेण ५८ ते ६० अंश वितळबिंदूचं घ्या. थंड गावात ५६ चं मऊ मेण चालतं, इथे एप्रिलमध्ये ते कापताना चुरडतं.

मायक्रोटोम

इथे हात बसायला महिने लागतात आणि इथेच नवे लोक सर्वांत जास्त घाबरतात.

ब्लॉक आधी बर्फाच्या ट्रेवर उलटा ठेवा. पृष्ठभाग गार आणि ओलसर झाला की मेण टिश्यूइतकंच कडक होतं. फार वेळ ठेवला तर मेणाला तडे जातात. लॅबमध्ये एसी २२-२४ अंशांवर ठेवा आणि पंखा बंद करा. पंखा चालू असेल तर रिबन (एकमेकांना चिकटून निघणाऱ्या सेक्शन्सची पट्टी) वॉटर बाथकडे (कोमट पाण्याच्या भांड्याकडे) न जाता तुमच्या एप्रनवर जाते.

ट्रिम करताना जाडी १० ते १५ मायक्रॉन ठेवून टिश्यूचा पूर्ण चेहरा उघडा. मग थांबा, ब्लॉक परत थंड करा आणि ब्लेडची नवी, न वापरलेली जागा आणा. ट्रिमिंगने बोथट झालेल्या कडेने शेवटचं सेक्शन कापू नका. आता जाडी ३ ते ४ मायक्रॉनवर आणा, किडनीला २ ते ३. चाक एकसारख्या, सावकाश लयीत फिरवा.

सेक्शनवर काय चुकतंय ते दिसतं. उभी रेघ सलग येत असेल तर ब्लेडला त्या जागी खाच आहे, ब्लेड बाजूला सरकवा. एकाच सेक्शनमध्ये समांतर आडव्या, जाड-पातळ पट्ट्या दिसत असतील तर काहीतरी थरथरतंय: ब्लॉक, ब्लेड किंवा होल्डरचा स्क्रू ढिला, नाहीतर टिश्यू फार कडक. सगळी सेक्शन्स चिरडून एकमेकांवर गोळा होत असतील तर ब्लॉक गरम किंवा ब्लेड बोथट. अख्खी सेक्शन्सच एक आड एक जाड-पातळ येत असतील तर ब्लेडचा कोन बघा.

वॉटर बाथ मेणाच्या वितळबिंदूपेक्षा सुमारे दहा अंश कमी ठेवा. पाणी आधी उकळून निवलेलं, म्हणजे बुडबुडे येत नाहीत. रिबन चमकदार बाजू खाली करून ठेवा. टोकापासून टेकवत, किंचित ओढत सोडली की सुरकुत्या आपोआप उलगडतात. राहिलीच एखादी तर ओल्या ब्रशच्या टोकाने हलकेच. स्लाइडला अंड्याच्या पांढऱ्या बलकात समभाग ग्लिसरीन मिसळलेला अॅल्ब्युमिन अगदी पातळ लावा, जास्त लावलात तर पार्श्वभूमी रंगते. इम्युनो करायची तर पॉली-एल-लायसिन लावलेल्या स्लाइड घ्या. आधीच्या ब्लॉकचे तुकडे बाथवर तरंगत राहिले तर ते पुढच्या रुग्णाच्या स्लाइडवर चढतात. प्रत्येक ब्लॉकनंतर टिश्यू पेपर पाण्यावरून फिरवायलाच हवा. एका माणसाचा कॅन्सर दुसऱ्याच्या अहवालात जाऊ शकतो इतकी ही गंभीर बाब आहे.

स्लाइड उभी निथळू द्या, मग ६० अंशांवर अर्धा ते एक तास.

रंग

हिमॅटॉक्सिलिन हा मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतो आणि आधी तो कापड रंगवायला वापरत. गिरण्या, डाय हाऊस आणि टॉवेल-चादरींच्या या गावात हे सांगायला फार शब्द लागत नाहीत: सुती कापडावर वनस्पतींचा रंग धरायला तुरटी लागते, तशीच केंद्रकातल्या डीएनएवर हिमॅटॉक्सिलिन धरायलाही अॅल्युमिनियमची तुरटी लागते. तुरटीसह हिमॅटॉक्सिलिनचा वापर १८६५ मध्ये बोमर यांनी केला. रंग आधी हवेत किंवा आयोडेटने पक्व व्हावा लागतो. म्हणून ताज्या द्रावणाने फिकट स्लाइड आली तर मायक्रोस्कोपला दोष देऊ नका.

क्रम असा: झायलीन दोनदा पाच-पाच मिनिटं, अल्कोहोल उतरत्या टक्क्यांत, मग पाणी. हॅरिसचं हिमॅटॉक्सिलिन ५ ते ८ मिनिटं. धुवा. ७० टक्के अल्कोहोलमध्ये १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात एक-दोन बुडव्या, लगेच पाण्यात. आता ब्लूइंग: अल्कलीयुक्त पाण्यात लालसर केंद्रक निळं होतं. वर ज्या बोअरच्या पाण्याला नाकारलं तेच इथे उपयोगी पडतं, नळाखाली पाच मिनिटं पुरतात. इथे एकदा ओली स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघा. केंद्रकाची कड स्पष्ट, आतलं क्रोमॅटिन दिसतंय, बाकी रंगहीन, अशी असेल तर पुढे जा. नसेल तर आम्लात परत. या एका पाहणीने पुढचा दिवस वाचतो, पण कुणी ती करत नाही.

मग इओसिन एक टक्का, एक ते दोन मिनिटं, त्यात ग्लेशियल अॅसिटिक आम्लाचा एक थेंब घातला तर गुलाबी खुलतो. चांगल्या स्लाइडवर स्नायू, कोलॅजन, लाल पेशी एकाच गुलाबीच्या वेगवेगळ्या छटांत दिसल्या पाहिजेत. सगळं सारखंच लाल असेल तर इओसिन जास्त झालं. चढत्या अल्कोहोलमधून झायलीनमध्ये न्या आणि डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवणारं पारदर्शक द्रव) लावून कव्हरस्लिप बसवा, झायलीन वाळायच्या आत. वाळलं की केंद्रकांवर तपकिरी, काळपट डाग दिसतात. बुडबुडा राहिला तर सुईने कडेला ढकला, दाबू नका.

हिमॅटॉक्सिलिन रोज सकाळी गाळा. वर येणारी धातूसारखी चकाकती साय स्लाइडवर निळे खडे टाकते.

ब्लेड आणि तुटलेल्या स्लाइड पंक्चरप्रूफ डब्यात, टिश्यू पिवळ्या पिशवीत. वापरलेलं फॉर्मॅलिन आणि झायलीन सिंकमध्ये ओतू नका, जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्यांकडे वेगळं द्या.

ब्लॉक परत मेणाने सील करून कप्प्यात ठेवताना कुठली खोली हे बघा. पत्र्याच्या छताखालच्या कोठारात मे महिन्यात ब्लॉक एकमेकांना चिकटतात आणि उंदीर मेण कुरतडतात. खालच्या मजल्यावरची, उन्हाची नसलेली खोली मागून घ्या आणि नंबरांची वही तिच्या बाहेर ठेवा.